प्रभात रोडला दळण कुठे मिळतं?

पत्र थोडक्यात

पत्रलेखक ६१ वर्षांचे. बँकेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले, डोंबिवली पूर्वेला ३२ वर्षं राहतात. १९८२ ते ८५ ही कॉलेजची वर्षं त्यांनी पुण्यात काढली: शिकायला बीएमसीसीत आणि राहायला लॉ कॉलेज रोडच्या कांचन गल्लीत, मावशीच्या बंगल्यात. निवृत्त झालो की त्याच झाडांखाली जाऊन राहायचं, हे तेव्हापासून मनात आहे. डोंबिवलीचा फ्लॅट विकून प्रभात रोड, भांडारकर रोड, लॉ कॉलेज रोड या टापूत लहानसा का होईना फ्लॅट घ्यायचा बेत आहे. मुलगी-जावई खराडीला असल्यामुळे 'मुलीजवळ राहणंही होईल'. पत्नी ५८ वर्षांच्या, गुडघे दुखतात. 'तशी ती घरीच असते, मुलांच्या शिकवण्या घेते'. त्यांना तीन वेळा हा भाग दाखवून आणला, तिन्ही वेळा रविवारी सकाळी. तिसऱ्या खेपेला कमला नेहरू पार्कच्या बाहेर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "सगळं छान आहे हो, पण इथे दळण कुठे मिळतं?" यांना उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून विषय निघाला की त्या गप्प होतात. पत्रलेखकांचे प्रश्न दोन: कुठली गल्ली चांगली? आणि हिला समजवायचं कसं?

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा कांचन गल्लीच्या वर्णनासाठी, दुसऱ्यांदा वहिनींच्या त्या एका वाक्यासाठी. मी याच भागात २९ वर्षं राहते आणि घर शोधणाऱ्या कितीतरी ओळखीच्यांना इथल्या गल्ल्यांमधून फिरवून आणलंय. कुणी भाव विचारतं, कुणी पार्किंग, कुणी आवाज खाली आणून 'सोसायटीत मासे चालतात का' ते. दळणाचं आजवर एकानेही विचारलं नव्हतं. आणि हा भाग कळायला याहून नेमका प्रश्न मला तरी सुचत नाही.

कारण बघा, ही मुळात बंगल्यांची वस्ती. मोठे प्लॉट, पुढे अंगण, कुंपणाला मेंदी, मागे विहीर नाहीतर आंबा. वाणी, शिंपी, चांभार, गिरणी हे सगळं वस्तीच्या कडेला राहिलं: कर्वे रोडच्या अंगाला, डेक्कनकडे, एरंडवणे गावठाणात. आता बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, तळमजल्यांवर कॅफे आले. एका वळणावर तीन ठिकाणी कॉफी मिळेल, पण छत्रीची काडी बसवून देणारा माणूस हवा असेल तर कर्वे रोड ओलांडावा लागतो. ज्या शांततेवर तुम्ही भाळलात ती बरीचशी गल्लीत गिरणी नसल्यामुळेच आहे. डोंबिवलीत जिना उतरलं की भाजीवाली, दूध, मेडिकल, झेरॉक्स आणि गिरणी. तिथल्या गोंगाटाला आपण नावं ठेवतो, पण सगळं हाताशी असतं ते त्या गोंगाटामुळेच.

तुम्ही म्हणाल, मी तीन वर्षं राहिलोय की तिथे. राहिलात, पण घर मावशींनी चालवलं. तुमच्या पत्रात गुलमोहर आहे, सायकल आहे, टेकडीवर केलेला अभ्यास आहे, रात्री खिडकीतून येणारा बुचाच्या फुलांचा वास आहे. भाजी कुठून यायची, ते नाही. आता एक गंमत. शिकायला आलेल्या भाच्याला ज्या घरात ठेवून घेत, तिथे दळणाचा डबा बहुतेक त्या भाच्याच्याच सायकलच्या कॅरिअरला बांधलेला असायचा. तुम्हीही आणलं असणार. आठवून बघा, कुठून आणायचात? आठवलं तर वहिनींना सांगा. नाही आठवलं तर त्या का गप्प बसल्या, ते लक्षात येईल.

आणखी एक वाक्य मला खुपलं. 'तशी ती घरीच असते, मुलांच्या शिकवण्या घेते.' शिकवण्या घेणारी बाई घरी नसते हो, कामावर असते. फक्त तिचं काम आणि स्वयंपाकघर एकाच छताखाली असतं. तुमची नोकरी संपली. त्यांची चालू आहे. तिसरीतल्या मुलाची आई पाचवीतल्या मुलाच्या आईला सांगते, तेव्हा शिकवणीला मूल येतं. ही साखळी जुळायला वर्षं लागतात आणि घर बदललं की ती तिथेच तुटते. तुम्ही मोकळे होऊन निघालाय, त्या हातातलं काम टाकून निघणार आहेत. 'समजवायचं कसं' याच्या आधी 'शिकवण्यांचं काय करायचं' हे तुम्ही दोघांनी बोललाय का? पत्रात तरी तसं दिसत नाही. पुण्यात पुन्हा सुरू करता येतील का, की त्यांनाच आता कंटाळा आलाय, की तेच त्यांचं जीव रमवणारं काम आहे, हे त्याच सांगू शकतील. आणि हे विचारायचं ते बाजू मांडायच्या सुरात नको. बँकेत वसुलीला जाताना काढत असाल तो आवाज तर अजिबात नको.

आता 'मुलीजवळ' या शब्दाकडे येऊ. खराडी पुण्याच्या पूर्व टोकाला, प्रभात रोड पश्चिमेला, मध्ये सगळं शहर. मेट्रोमुळे बरंच सुसह्य झालंय, हे मान्य. वनाज ते गरवारे कॉलेज हा पहिला तुकडा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२४ मध्ये ती रामवाडीपर्यंत पोचली. नळ स्टॉपला बसायचं, रामवाडीला उतरायचं आणि पुढे रिक्षा. नातवंडं बघायला जाणं झालं, पण रात्री दहाला 'आई, बाळाला ताप आहे' असा फोन आला तर तुम्ही जवळ राहता असं कुणी म्हणणार नाही. मुलगी जवळ असणं हे खरंच मोठं कारण असेल तर कल्याणीनगरचाही विचार करा. झाडं तिथेही आहेत, मेट्रोचं स्टेशन आहे, खराडी त्या मानाने उशाशी. तिथे तुमच्या आठवणी नाहीत, एवढंच. तेव्हा स्वतःशी ठरवा, पुण्याला यायचंय ते मुलीसाठी की कांचन गल्लीसाठी. दुसरं कारणही काही वाईट नाही. पण ते पहिल्याच्या नावावर खपवू नका, वहिनींना कधीच कळलेलं असणार.

याच मेट्रोचा तुम्हाला दुसराही उपयोग आहे: हीच लाइन थेट पुणे रेल्वे स्टेशनला जाते आणि सिंहगड एक्स्प्रेस कल्याणला थांबते. डोंबिवली तुटणार नाही. वहिनींच्या भिशीच्या तारखा सांभाळता येतील.

बरं, आता भागाविषयी. रविवारी सकाळी हा टापू जगातला सर्वांत सुंदर असतो, त्याबद्दल वाद नाही. पण आठवड्यात बाकीचे सहा दिवस असतात आणि वर्षात पावसाळा असतो.

लॉ कॉलेज रोड म्हणजे कोथरूडकडून सेनापती बापट रोडकडे जाणाऱ्यांची मधली वाट. संध्याकाळी सहा ते नऊ तिथे उभं राहून बघा. नळ स्टॉपचा दुमजली पूल झाला, तरी वाहनं कुठेतरी तुंबतातच. या कोंडीवर उपाय म्हणून टेकडीच्या पायथ्यावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचा प्रस्ताव आहे, आणि टेकडी वाचवा म्हणणाऱ्यांचा त्याला जोरदार विरोध आहे. माझं मत विरोधकांच्या बाजूने आहे, पण ते बाजूला ठेवते. घर घेणाऱ्याने महापालिकेच्या विकास आराखड्यात आपल्या घरामागून कुठली रेघ गेलीय एवढं तरी पाहून घ्यावं. प्रभात रोड आणि भांडारकर रोडही आता मुख्य रस्तेच झालेत. रस्त्याला लागून असलेल्या फ्लॅटमध्ये हॉर्न आणि रात्री उशिरा सुसाट जाणाऱ्या मोटारसायकली सोबतीला असतात. म्हणून 'कुठली गल्ली' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: नंबर महत्त्वाचा नाही, रस्त्यापासून गल्लीत किती आत, ते महत्त्वाचं. प्रभात रोडच्या नंबर दिलेल्या गल्ल्यांमध्ये शंभर पावलं आत गेलं की आवाज एकदम खाली येतो, कुणीतरी दार लोटल्यासारखा. मात्र गल्लीच्या तोंडाशी हॉटेल असेल तर शनिवार-रविवारी तुमच्या फाटकासमोर दुसऱ्याची गाडी असणार, हे गृहीत धरा.

उताराचंही पाहा. जमीन टेकडीकडून नदीकडे उतरते. टेकडीच्या अंगाला जावं तसा चढ, आणि वहिनींचे गुडघे दुखतात. उलट नदीच्या अंगाला, म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा जो डीपी रोड आहे, तिथे सपाटी आहे आणि भावही थोडे बरे म्हणून दलाल तुम्हाला नेईल. तिकडे दोन गोष्टी: खडकवासल्यातून पाणी सोडलं की कडेच्या भागात पाणी येतं, आणि लग्नसराईत लॉन्सचे कर्णे. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्राकडून ढोलताशांच्या सरावाचा आवाज येतो, तो तर पार कर्वे रोड ओलांडून आमच्याकडेही. मला आवडतो. माझ्या शेजारणीला त्याने अर्धशिशी उठते.

आता झाडं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

मागच्या जूनची गोष्ट सांगते. मृगाचा पहिला वळीव, वीसेक मिनिटं वारा, मग धो धो. पाऊस थांबल्यावर खाली उतरले तर समोरच्या गुलमोहराची मांडीएवढी फांदी एका स्कूटरवर आडवी पडलेली. सीट दिसत नव्हती, सगळीकडे लाल पाकळ्या, आणि स्कूटरवाला मुलगा हेल्मेट हातात घेऊन नुसता उभा. दोन-तीन जणांनी मिळून फांदी ओढली. तिच्यात कावळ्याचं घरटं होतं, काटक्या आणि तारांचं. ती कावळी पुढे चार दिवस त्या झाडाखालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर टोच मारत होती; आम्ही सगळे पाऊस नसतानाही छत्र्या उघडून जायचो. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. दिसायला याच्याएवढं देखणं झाड नाही, पण याच्याखाली गाडी लावू नये, हे इथल्या कुणालाही विचारा.

झाडांच्या गल्लीत राहणं म्हणजे हे सगळं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्जन्यवृक्षाची पानगळ. गच्चीच्या पन्हळी तुंबतात आणि त्या वेळेत साफ नाही केल्या तर जूनमध्ये वरच्या मजल्यावरचं छत गळतं. वाळलेला पाला जाळायला मनाई आहे, तो खड्ड्यात कुजवायचा, आणि त्यावरून सोसायटीत दरवर्षी भांडण. सावलीतल्या खालच्या मजल्यांवर पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, भिंतीला हिरवं धरतं. डास. २०२४ च्या जूनमध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडायला लागले ते एरंडवण्यापासून. कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या करा म्हणून महापालिकेची माणसं घरोघरी आली होती. खिडकीत आलेली फांदी छाटायची तरी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, झाड तुमच्या स्वतःच्या आवारात असलं तरी.

मग हे लोक इथे राहतात कशाला, असं वाटेल. तर नोव्हेंबरात सकाळी दार उघडलं की पायऱ्यांवर बुचाची पांढरी लांब देठाची फुलं पडलेली असतात. त्याच सुमारास कांचन फुलतो. तुमच्या गल्लीचं नाव अजून अगदीच पोरकं झालेलं नाही. राखी धनेशाची जोडी वडाच्या फळांवर येते आणि बारकं पोर रडावं तसा आवाज करते. मे महिन्यातल्या भर दुपारी कर्वे रोडवरून आत वळलं की अंगावर सावली पडते, ती मला अजून दरवेळी जाणवते. मला इथून कुणी हलव म्हटलं तर मी वहिनींहून जास्त गप्प बसेन.

आणि झाडांपलीकडेही बरंच आहे, जे निवृत्त माणसाला उपयोगी पडतं. भांडारकर संस्था १९१७ ची. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम इथेच १९१९ मध्ये सुरू झालं ते १९६६ पर्यंत चाललं. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून १९३३ मध्ये पुण्यात आली, 'संत तुकाराम' तिने इथे केला, तिच्यावरून रस्त्याला नाव पडलं आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. शेजारच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जुने सिनेमे दाखवतात. व्याख्यानं, बैठका, पुस्तकांची प्रदर्शनं चालत जाता येईल अशा अंतरावर. वेताळ टेकडी हे शहरातलं सर्वांत उंच ठिकाण, आणि तिच्यावर जायला लॉ कॉलेजच्या मागूनही वाट आहे. अंधार पडल्यावर मात्र एकट्याने जाऊ नका, लुटालुटीच्या बातम्या येत असतात. मोठी रुग्णालयं कर्वे रोडवर आणि म्हात्रे पुलाजवळ. रिक्षावाला नाही म्हणतो, पण तो सगळीकडेच म्हणतो. दुपारी एक ते चारचे विनोद तुम्हाला पाठ असतील, ते सोडून देते.

घराचं बोलू. डोंबिवलीचा फ्लॅट विकून इथे तेवढाच फ्लॅट येणार नाही, हे तुम्ही जाणताच. 'लहानसा का होईना' असं लिहिलंय. तुमच्या पैशांत बसतील ते बहुतेक जुन्या तीन मजली इमारतींतले फ्लॅट, आणि त्यांतल्या बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही. दलाल म्हणेल, 'काका, दोन वर्षांत रीडेव्हलपमेंटला जातेय, लिफ्टच काय, पार्किंगही मिळेल.' खरं असू शकतं. म्हणजे ६१ व्या वर्षी घर बदलायचं, ६३ व्या वर्षी पुन्हा बोचकी बांधून भाड्याने दुसरीकडे जायचं, आणि बिल्डरने वेळ पाळली तर ६६-६७ व्या वर्षी परत यायचं. वहिनींच्या गुडघ्यांना हा हिशेब दाखवा.

इथे एक गोष्ट मुंबईकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे इमारत म्हणजे सोसायटी. पुण्यात कितीतरी इमारती सोसायटी नसून 'अपार्टमेंट' आहेत, १९७० च्या वेगळ्या कायद्याखाली. कागद वेगळे, जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा डीडमध्ये टक्क्यांत लिहिलेला असतो, पुनर्विकासाचे नियमही सोसायटीसारखे नाहीत. सोसायटी असेल तर २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे तुमचं मत विरोधात असलं तरी इमारत पडू शकते. जुन्या सभांचे इतिवृत्त मागून घ्या. मागायला संकोच वाटतो आणि द्यायला टाळाटाळ होते, तरी मागा.

आणि इमारत पडते तेव्हा झाडंही पडतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांपेक्षा जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून संरक्षण आहे, तोडायला परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी नवी रोपं लावायची अट आहे. पण साठ वर्षांच्या झाडाची साठ रोपं कुठेतरी बाहेर लागतात आणि तुमच्या खिडकीत भिंत येते. म्हणून केवळ खिडकीतल्या झाडासाठी फ्लॅटचे दोन-पाच लाख जास्त मोजू नका. झाड शेजारच्या प्लॉटमध्ये असेल तर मुळीच नको. तुमच्या मावशींच्या बंगल्याच्या जागी सात मजले उभे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्या अंगणातला गुलमोहर कुठे गेला, विचारलंत का कुणाला?

माझा सल्ला सांगते. डोंबिवलीचं घर विकू नका. इतक्यात तरी नको. ते भाड्याने द्या किंवा कुलूप लावा, आणि इथे अकरा महिन्यांच्या कराराने एक फ्लॅट घ्या. करार नोंदवलेला हवा. कायद्याने ती मालकाची जबाबदारी आहे आणि 'कशाला खर्च, साध्या कागदावर करू' म्हणणारा मालक सोडून द्यावा. जूनच्या आत या, म्हणजे पाऊस, ढोल, बुचाची फुलं, पानगळ आणि उन्हाळा सगळं पदरात पडेल. लिफ्ट असलेलाच बघा, खर्च वाढला तरी. अकरा महिन्यांनी वहिनी नको म्हणाल्या तर तुमचं एका वर्षाचं भाडं गेलं. घर विकून नको म्हणाल्या तर काय काय जाईल ते तुम्ही बँकेत होतात, मला सांगायला नको.

वहिनी वर्षभरालाही तयार नसतील तर? शिकवण्यांचं वर्ष जूनला सुरू होतं, त्यामुळे नाही म्हणू शकतील. मग एप्रिल-मेची सुट्टी तेवढी इथे काढा. किंवा तुम्ही एकटे या, महिनाभर. हे ऐकून धक्का बसेल, पण साठीनंतर नवरा-बायकोने महिनाभर दोन गावांत राहिल्याने काही कोसळत नाही. तुम्हाला सकाळची टेकडी मिळेल आणि दुपारी भाजी काय आणायची, कामाला बाई कशी शोधायची, गॅसचं काय, हे सगळं स्वतः करावं लागेल. मावशींनी केलेलं, त्यानंतर वहिनींनी केलेलं. महिन्याअखेरीस तुमच्या त्या गल्लीबद्दल तुम्हाला जे वाटेल ते पत्रातल्यापेक्षा जास्त खात्रीचं असेल.

हाच टापू हवा असा हट्ट नसेल तर झाडांच्या वस्त्या पुण्यात इतरही आहेत. मॉडेल कॉलनी, सहकारनगर, कोथरूडमधल्या मयूर कॉलनी-डहाणूकर कॉलनीच्या जुन्या गल्ल्या. कोथरूडला तर गिरणीही आहे, मुलंही आहेत, आणि शिकवणीला पाठवणारे मराठी आईबापही. वहिनींच्या दृष्टीने मला तेच सर्वांत बरं वाटतं. झाडांसाठीच म्हणाल तर डोंबिवलीतही एमआयडीसीच्या निवासी भागात ती आहेत, पण शेजारी कारखाने. तिथे राहा असं मी म्हणणार नाही.

तुमच्यासारखी पत्रं मला महिन्याला दोन-तीन येतात. कुणाला विलेपार्ल्याला परत जायचं असतं, कुणाला नाशिकच्या कॉलेज रोडला. त्या सगळ्यांसाठी एवढंच, की घर बघायला जाल तेव्हा घर चालवणाऱ्या माणसाला पुढे चालू द्या आणि तुम्ही पिशवी धरून मागे राहा. ती व्यक्ती जिथे थांबेल, काय विचारेल, कुठे नाक मुरडेल ते टिपून ठेवा. आणि रविवारी जाऊ नका. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी सातला, दुपारी दोनला आणि रात्री साडेनऊला, अशा तीन वेळा त्याच गल्लीत उभे राहा. वॉचमनशी बोला. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, टँकर मागवावा लागतो का, हे सोसायटीच्या अध्यक्षांपेक्षा तो खरं सांगतो.

वहिनींना माझा निरोप द्या. दळणासाठी मी कर्वे रोड ओलांडून पलीकडच्या एका बोळातल्या गिरणीत जाते, आमच्या घरापासून बारा मिनिटं. रस्ता ओलांडायलाच त्यातली चार. डब्याला चिठ्ठी लावावी लागत नाही, गिरणीवाला झाकणावर खडूने आडनाव लिहितो आणि ज्वारीनंतर गहू दळायचा असेल तर आधी मूठभर गहू टाकून जातं पुसून घेतो. डबा जड असेल तर त्याचा मुलगा घरी आणून देतो, वीस रुपये घेतो. त्यांना घेऊन याल तेव्हा मीच दाखवेन. एकच अडचण आहे. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं ते पुण्यात बहुतेक गुरुवारी, तेव्हा इमारतीची टाकी पुरते का हे बघायला गुरुवारी यायला हवं. आणि गिरणीची सुट्टी नेमकी गुरुवारची. एक मुक्काम करावा लागेल.